लिंबोणीने गाळलेली फळं

झाडं एकमेकांशी बोलत त्या काळची गोष्ट. माळावरच्या एका विहिरीपाशी दोन लिंबोणी होत्या, सख्ख्या बहिणी. एका उन्हाळ्यात दोघी बारक्या फळांनी लगडल्या आणि त्याच वर्षी विहीर आटली.

ऊन पानं भाजू लागलं, तशी थोरलीनं पानांची बारीक छिद्रं मिटून घेतली, म्हणजे अंगातली ओल उडून जायला नको. तेही पुरेना. मग एका सकाळी तिनं फळांच्या देठांकडे जाणारा रस थांबवला.

"आई, आम्हाला का सोडतेस?" फळांनी विचारलं.

"सगळ्यांना पुरेल एवढं पाणी नाही, बाळांनो."

तीन दिवसांत तिच्या बुंध्याशी हिरव्या फळांचा सडा पडला.

धाकटी किंचाळली, "ताई, कसाई आहेस तू! मी माझं एकही गाळणार नाही."

"जगलीस तर पुन्हा फळशील गं."

"मला हीच हवीत."

धाकटीनं मुळांतला शेवटचा थेंबही फळांना पाजला. वैशाख सरेपर्यंत ती उभ्याउभ्या वाळली. मळ्यातली सगुणाबाई कुऱ्हाड घेऊन आली, तेव्हा सुरकुतलेली फळं अजून फांद्यांना चिकटून होती.

"एकही सोडलं नाही गं हिनं," ती पुटपुटली आणि तिनं घाव घातला.

थोरली जगली. पुढच्या बहराला तिला पुन्हा फळं धरली. त्यांतल्या एकानं विचारलं, "आई, आम्हीच का गं पहिली?"

"नाही," थोरली म्हणाली. "तुमच्याआधी होती. त्यांच्या वाट्याचं पाणी पिऊन मी जगले, म्हणून तुम्ही आहात."