कडू घास

“...म्हणजे त्या इंग्रजी शब्दात आता नुसती भूकच उरली म्हण की!” गिरीबुवा म्हणाले.

“हो बुवा. ‘स्टार्व्ह’ म्हणजे आज उपासमारीनं मरणं. पण मुळात नुसतंच मरणं. बुडून, पडून, म्हातारपणानं... कसंही.”

“मग बाकीची मरणं कुठं गेली?”

भालचंद्र हसला. तालुक्याच्या कॉलेजात तो इंग्रजी शिकवायचा. लहानपणी याच मठात श्लोक पाठ केलेले. प्रश्न पोरकट वाटला, तरी उत्तर तयार होतं. “गळाली, बुवा. आणि त्याच्याही आधी, अगदी मुळाशी, अर्थ होता म्हणे ताठ होणं.”

बुवांनी त्याच्या ताठ मानेकडे पाहिलं.

भालचंद्र खाली बघू लागला. शब्दाची कुळकथा सांगायला तो आलाच नव्हता. सोमवारी वडील गेले होते, आणि...

“माय जेवत नाही, बुवा.”

“सोयऱ्यांनी कडू घास आणला असेल ना?”

“आणला. मरणाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून रीतीनं पिठलं-भाकरी घेऊन आले. मावशीनं तिच्या तोंडात घास घातला. मायनं तो गालात धरला, अन् परसात जाऊन थुंकला. तेव्हापासून घोटभर पाणी, बस्स. मी किती समजावलं! देह, आत्मा, सगळं सांगून झालं. आता उठताना भिंत धरते. तीही जाईल हो...”

“तू जेवलास?”

“हो.”

“कुठं?”

“स्टँडवरच्या हॉटेलात.” आवाज बारीक झाला. “भिंतीकडं तोंड करून.”

“घरी?”

“ती उपाशी, तिच्यासमोर कसा खाऊ? तिला सांगून ठेवलंय, माझी काळजी करू नको, माझं सगळं व्यवस्थित चाललंय.”

बुवा उठले. शिंक्यातली भाकरी काढली. मायसाठी प्रसाद मिळणार म्हणून भालचंद्रानं ओंजळ पुढे केली. बुवांनी भाकरी मोडली आणि त्याच्यादेखत दारातल्या कुत्र्याला घातली. सगळी.

“बुवा! अहो, मायला...”

“तिला कुणाची भाकरी उतरायची नाही, लेका.”

“मग काय सांगू तिला? तुम्हीच शब्द द्या.”

बुवांनी हात झटकले.

“आज हॉटेलात जाऊ नकोस. दिवस मावळला की तिच्यापाशी बस, अन् म्हण, ‘माय, भूक लागली.’”