झील कोणी ओढायची?

जिथे ज्वारीची शेते संपतात आणि माळाचे कुसळी गवत सुरू होते, तिथे एका बांधाच्या आडोशाला एक चंडोल राहत असे. दिसायला अगदी साधा. मातकट रंग, डोक्यावर एक छोटा तुरा, आणि तोही बहुतेक वेळा विस्कटलेला. मुलांनो, तुम्ही त्याच्या शेजारून गेलात तरी ढेकूळ समजून पुढे जाल. पण तो गायला लागला की चरणारे चरायचे थांबत आणि भांडणारे आपण कशावरून भांडत होतो ते विसरून जात.

सुगी सरली, मळणी आटोपली आणि माणसे पोती भरून घरी गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बांधावर गाण्याचा मेळा भरे. खळ्यात सांडलेल्या दाण्यांवर ज्यांची पोटे भरतात, ते सगळे मेळ्याला येत. मुंग्या येत, होले आणि लावे हे पक्षी येत, उंदीर, ससे, खारी, पोपट, कावळे, सगळे येत. बांधावर बाभळीखाली एक काळा धोंडा होता. त्यावर उभे राहून चंडोल दाण्याचे गाणे म्हणे, आणि ते झाल्याशिवाय कोणी खळ्यातल्या दाण्याला तोंड लावत नसे.

हे गाणे म्हणायची रीत मोठी छान होती. एका कडव्यात एकाचा दाणा. चंडोल समोर बघे, जो दिसेल त्याच्या नावाने तिथल्या तिथे कडवे जुळवी. कडवे संपले की बाकीच्यांनी झील ओढायची, म्हणजे पालुपद सगळ्यांनी मिळून म्हणायचे:

दाणा आला, दाणा आला,
या रे सारे टिपायाला!

झील चालू असताना चंडोल दम घेई आणि पुढे कोण उभे आहे ते बघून ठेवी. जमलेल्या प्रत्येकाला दाणा मिळाला की गाणे पुरे. नियम एकच होता, आणि तो मात्र कडक होता. ज्याचे गाणे मध्येच तुटेल, त्याने त्या धोंड्यावर पुन्हा कधी चढायचे नाही. चंडोलाजवळ दुसरे होते तरी काय? घरटे म्हणाल तर जमिनीतला एक खळगा. वर्षातून एकदा त्या धोंड्यावर उभे राहायचे, एवढाच काय तो त्याचा मान, आणि त्या मानावर त्याचा फार जीव होता.

मेळ्याची आणखी एक चाल होती. गाण्याआधी चाहत्यांनी गवताची एकेक काडी आणून चंडोलासमोर ठेवायची आणि त्याच्यासाठी एक मागणे मागायचे. त्याने काडीवर पाय ठेवला की मागणे पटले. फुंकर मारून उडवली की नाही पटले. आजवर त्याने एकही काडी उडवली नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. कोणी म्हणे, "तुझी पिलं सुखरूप राहोत." कोणी म्हणे, "ससाण्याची नजर तुझ्यावर न पडो." असल्या मागण्यांना कोण नाही म्हणेल?

यंदा मात्र चंडोलाचे नाव चार माळ पलीकडे गेले होते, आणि नाव झाले की चाहत्यांना गाणाऱ्याच्या आवाजापेक्षा त्याच्या मोठेपणाची जास्त काळजी लागते. पहिला आला पोपट. त्याने काडी ठेवली आणि मान वाकडी करून म्हणाला, "तू यंदा धोंड्यावर नको उभा राहूस. इतका मोठा गाणारा आणि एवढ्याशा दगडावर? बाभळीच्या शेंड्यावर बैस. सगळ्यांना तू दिसला पाहिजेस."

"पण मला सगळे दिसतील का?" चंडोलाने विचारले.

"तुला कशाला दिसायला हवेत? तुला बघायला आम्ही आलोय," पोपट म्हणाला.

चंडोल जरा घुटमळला. पण पोपट इतक्या कौतुकाने बघत होता की त्याने काडीवर पाय ठेवला.

मग ससा आला, धापा टाकतच. "माझं मागणं असं, की तू कुठं थांबूच नयेस. गेल्या साली दर कडव्याला थांबत होतास. तुझ्यासारख्यानं कसं, एका दमात गायला पाहिजे!" चंडोलाने त्याही काडीवर पाय ठेवला.

त्याच्यामागून खार आली. ही त्याची सगळ्यांत वेडी चाहती. वर्षभर ती त्याची कडवी गुणगुणत हिंडे. तिने सगळ्यांत कोवळी काडी शोधून आणली होती. "गेल्या साली मी सकाळपासून माझ्या कडव्याची वाट बघत होते," ती म्हणाली. "आणि नेमकं माझं कडवं आलं, तेव्हा तो कावळा आधीच्याच झिलीला लोंबकळत बसलेला. मला माझाच दाणा ऐकू आला नाही. म्हणून माझं मागणं एवढंच आहे. यंदा तुझा आवाज एकट्याचा, निर्मळ ऐकू यावा. झील तू ओढ, कडवंही तूच म्हण. आम्ही कोणी तोंड उघडणार नाही."

"अगं पण झील..." चंडोल म्हणाला.

"आमची कावकाव आणि किचकिच तुझ्या गाण्यात कशाला?" खार म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. बाजूच्यांनीही माना डोलावल्या. खरेच की, आपल्या घोगऱ्या आवाजांनी इतकी वर्षे आपण बिचाऱ्याचे गाणे नासवत होतो, असे सगळ्यांना वाटून गेले.

चंडोलाला आतून कळत होते की ही काडी उडवायला हवी. त्याने चोच खाली नेलीसुद्धा. पण खार अशी बघत होती, की फुंकर काही त्याच्याने मारवेना. त्याने काडीवर पाय ठेवला. मुलांनो, आपल्याला वाईट बोलणाऱ्याला आपण पटकन उत्तर देतो, पण आपल्यावर जीव टाकणाऱ्यापुढे आपली जीभ उचलत नाही. चंडोलाचे तेच झाले.

कावळाही काडी घेऊन रांगेत उभा होता. खार त्याला म्हणाली, "तू तर बाबा अजिबात आवाज करू नकोस." कावळ्याने काडी मुकाट्याने खाली ठेवली, काही मागितले नाही, आणि तो सगळ्यांच्या मागे जाऊन बसला.

चंडोल बाभळीच्या शेंड्यावर चढला. वारा होता. फांदी हलत होती, काटे पोटाला लागत होते. त्याने सुरुवात केली:

पहिला दाणा मुंगीचा,
डोईवरती नेण्याचा!

आणि सवयीने तो झिलीसाठी थांबला. झील आली नाही. खाली सगळे चिडीचूप. मग त्याने झील स्वतःच ओढली, आणि ससा म्हणाला होता म्हणून लगेच दुसरे कडवे घेतले:

दुसरा दाणा होल्याचा,
घुमत घुमत खाण्याचा!

पुन्हा झील त्यानेच ओढली. आवाज खरोखर निर्मळ होता. खाली पोपट डोळे मिटून डुलत होता, आणि खार तर श्वाससुद्धा जपून घेत होती. तिसरे कडवे झाले, चौथे झाले. पाचव्याला चंडोलाला दम लागला. सहावे त्याने कसेबसे ओढून नेले. तोवर आणखी एक पंचाईत झाली होती. इतक्या उंचावरून त्याला खाली नुसती डोकी दिसत होती. कोण उंदीर, कोण लावा, कोणाचा दाणा झाला, कोणाचा राहिला, काही उमगेना.

"सातवा दाणा..." तो म्हणाला आणि थांबला.

"बघा, काय थांबलाय!" पोपट हळूच म्हणाला. "असं थांबायला पण अंगात कसब लागतं."

"सातवा दाणा..." चंडोलाने पुन्हा सूर लावला, आणि या वेळी आवाज चिरकला. मग मात्र सगळ्यांच्या लक्षात आले. आपला चंडोल अडला आहे. आता काय करावे? त्यांच्या मते त्यांनी करण्यासारखे एकच होते. ते आणखी गप्प झाले. कोणी शेपटी हलवीना, कोणी पंख झाडीना. त्याला अडथळा नको म्हणून पोरांच्या तोंडांवर आयांनी पंजे ठेवले. आणि ते जितके गप्प होत गेले, तितके त्या बिचाऱ्याला पुढचे सुचेनासे झाले. वर तो एकटा, खाली ती शांतता. इतका एकटा तो ससाणा मागे लागल्यावरही झाला नव्हता.

मेळ्याचे नियम सांभाळायला एक म्हातारे कासव असे. सगळे त्याला आजोबा म्हणत. कासवाने कवचातून मान बाहेर काढली. मान पूर्ण बाहेर आली की ते काय बोलणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. खारीने डोळे गच्च मिटून घेतले.

तेवढ्यात मागून एक भसाडा आवाज आला.

"दाणा आला, दाणा आला..."

कावळा होता. त्याला काही गाणे वाचवायचे वगैरे नव्हते. सहा कडव्यांची झील त्याने घशात दाबून धरली होती, सातव्याला काही ती दाबून राहिली नाही, इतकेच.

"शू!" चहूकडून आवाज उठला. कावळ्याने चोच मिटली आणि तो ओशाळून पायांकडे बघू लागला.

पण तेवढ्या एका ओळीत चंडोलाने श्वास घेतला होता. तो शेंड्यावरून सुटला तो थेट खाली आला. धोंड्यावरही थांबला नाही. सगळ्यांच्या डोक्यांवरून जाऊन तो कावळ्यासमोर मातीत उतरला. तुरा विस्कटला होता.

"पुढचं म्हण ना," तो कावळ्याला म्हणाला.

"नको बाबा. खार रागावते," कावळा म्हणाला.

"रागावू दे. तू ओढ. मला दम घेऊ दे रे."

दम घेऊ दे! खारीने ते ऐकले आणि तिचे डोळे खाडकन उघडले. इतकी वर्षे तिला वाटत होते की झील म्हणजे गाण्यात येणारा गलका. त्या गलक्यात चंडोल श्वास घेतो, हे तिच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

कावळ्याने झील ओढली. जशी ओढायचा तशीच, बेसूर आणि पोटातून. त्याच्या मागोमाग मुंग्यांनी ओढली, होल्यांनी घुमून साथ दिली, आणि चंडोलाने समोर बघून कडवे उचलले:

सातवा दाणा कावळ्याचा,
मागं बसल्या सावळ्याचा!

मग काय विचारता! सगळा बांध झील ओढू लागला. चंडोल मातीत उड्या मारत एकेकापुढे जाई, त्याच्या तोंडाकडे बघून कडवे जुळवी, आणि झील चालू असताना पुढच्याकडे सरके. उंदरांचा दाणा झाला, लाव्यांचा झाला, सशाचा आणि पोपटाचाही झाला. अगदी शेवटी तो खारीपुढे आला:

शेवटचा दाणा खारीचा,
कान टवकारल्या स्वारीचा!

सगळे हसले. खार तेवढी रडत होती, आणि रडता रडता किचकिच आवाजात झील ओढत होती.

गाणे पुरे झाले. पण कासवाची मान बाहेरच होती. ते म्हणाले, "गाणं पुरं झालं, चांगलं झालं. दाणे टिपा. पण वर झाडावर गाणं तुटलं होतं, ते मी ऐकलंय. चंडोला, तुला आता धोंड्यावर चढता येणार नाही."

एकच गलका झाला. "आजोबा, चूक आमची आहे!" "आजोबा, एवढी वेळ सोडा!" पोपट तर पाया पडायला गेला.

"तुमच्यावर माझा राग नाही," कासव म्हणाले. "पण आज तुमचा लाडका म्हणून सोडलं, तर उद्या दुसऱ्या कुणाला कोणत्या तोंडानं अडवू?" आणि त्याने मान आत घेतली.

चंडोल "बरं, आजोबा" इतकेच म्हणाला. त्याने त्या काळ्या धोंड्याकडे एकदा बघितले. त्याला वाईट वाटले नाही असे मी सांगणार नाही, मुलांनो. खूप वाईट वाटले.

सगळे दाणे टिपायला गेले तेव्हा खार त्याच्याजवळ आली. मग ती म्हणाली, "आम्ही तुझं वाईट चिंतलं नव्हतं रे. सगळं तुझ्या भल्याचंच मागितलं होतं."

"ठाऊक आहे मला," चंडोल म्हणाला. "म्हणून तर मला नाही म्हणता आलं नाही."

पुढच्या सुगीपासून चंडोल जमिनीवर, सगळ्यांच्या मधोमध उभा राहून गाऊ लागला. लांबून आलेल्यांना तो दिसतसुद्धा नसे. ते विचारत, "गाणारा कोण आहे यातला?" आणि झील ओढण्याच्या नादात त्यांना उत्तर द्यायला कोणालाच सवड नसे.

तात्पर्य : आवडत्या माणसासाठी काही मागण्याआधी त्याला काय हवे आहे, हे त्यालाच विचारावे. उंच बसवून नुसते बघत राहण्यापेक्षा त्याच्या कामात आपला आवाज मिळवणे, हेच खरे प्रेम.