शेवंतीचा नवा रंग

एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा घोडीवाला होता. घोडी पांढरी. नाव शेवंती. लग्नाच्या वराती तिच्यावर निघत. नवरदेव बदलत, घोडी तीच. घरात अकलेचं जेवढं काम होतं, ते लिंबाजीची बायको अनुसया करी. लिंबाजी घोडीचा लगाम धरी आणि सांगितलेलं ऐके. ऐकण्यात त्याचा हात धरणारा माणूस त्या भागात नव्हता. घोळ होता तो तिथंच.

त्या साली सराफांच्या मुलाचं लग्न ठरलं. सराफांनी बजावलं, घोडी पांढरीच पाहिजे, नाहीतर मुलगा मोटारीतून निघेल. अनुसयेनं नवऱ्याला समोर बसवून समजावलं. ही वरात साधली तर सराफांचे सगळे सोयरे आपल्या दारात येतील. बिघडली तर शेवंती विकावी लागेल. शेवंती विकायची म्हटल्यावर लिंबाजीच्या घशाखाली घास उतरेना. त्या दिवसापासून त्यानं ठरवलं, आता प्रत्येक शब्द नीट ऐकायचा.

लग्नाला अजून अवकाश होता. तेवढ्यात अनुसयेचा भाऊ जालिंदर पाहुणा म्हणून आला. तो दिवसभर मोबाईलवर लढाईचा खेळ खेळे. त्यानं तो खेळ लिंबाजीच्याही मोबाईलवर घालून दिला. खेळ फुकट होता. त्यात तऱ्हेतऱ्हेचे वीर होते. लिंबाजीनं एक दाढीवाला निवडला, हिरव्या कोटाचा. त्याला घेऊन त्यानं पुष्कळ गोळ्या झाडल्या, बहुतेक भिंतीवर. मग खेळातल्या दुकानात त्याला तोच दाढीवाला पुन्हा दिसला. कोट मात्र जांभळा. खाली किंमत.

लिंबाजीनं विचारलं, "हा जास्त पळतो का?"

"नाही दाजी. तेवढाच पळतो."

"गोळी जोरात लागते?"

"तेवढीच लागते."

"मग?"

"जांभळा दिसतो."

लिंबाजीनं विचार केला. "हा माणूस तर माझाच आहे ना?"

"तुमचाच."

"मग माझ्याच माणसाच्या रंगाला मी पैसे का द्यायचे?"

"नियम आहे दाजी. आपला असला तरी नव्या रंगाचे पैसे पडतात."

नियम म्हटल्यावर लिंबाजीनं वाद घातला नाही. नव्या लगामासाठी ठेवलेले पैसे त्यानं मोबाईलवरूनच देऊन टाकले. दाढीवाला जांभळा झाला आणि लगेच मेला.

अनुसयेला कळलं तेव्हा तिनं आधी भावाला गाडीत बसवून दिलं. मग नवऱ्याला म्हणाली, "पैसे देण्याआधी विचारायचं, ह्यानं काम वाढतं का. वाढत नसेल तर द्यायचे नाहीत."

"बरं," लिंबाजी म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या गावात एक लहानसं लग्न होतं. अनुसयेनं शेवंतीसाठी जरीची झूल शिवायला टाकली होती. उरलेले पैसे देऊन झूल घ्या, घोडीवर घाला आणि तसेच लग्नाला जा, असं तिनं सांगितलं. लिंबाजी शिंप्याकडे गेला. झूल सुरेख होती. आरसे होते, गोंडे होते. लिंबाजीनं विचारलं, "हिच्यानं घोडी जास्त पळेल का?"

शिंपी म्हणाला, "झुलीनं कुठं घोडी पळते होय?"

लिंबाजीनं पैसे खिशात परत ठेवले आणि निघाला. लग्नात शेवंती उघड्या पाठीनं उभी राहिली. मंडळींनी जेवणावळीची सतरंजी आणून तिच्यावर टाकली. सतरंजीवर आमटीचे डाग होते. नवरदेव देवळापर्यंत घसरत गेला आणि देवळापाशी उतरला, म्हणजे पडला. त्याची आई जे बोलली ते इथं लिहीत नाही.

अनुसया कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, "अहो, वरातीच्या घोडीचे पैसे लोक पळण्याचे देतात का? दिसण्याचे देतात. जे दिसायला चांगलं, ते घ्यावं माणसानं."

"बरं," लिंबाजी म्हणाला.

मग तिनं त्याला गवत आणायला बाजारात धाडलं. गवताच्या पेंढ्या होत्या. पिवळट, धुळकट, दिसायला काहीच नाहीत. लिंबाजी पुढं गेला. पुढं मांडववाल्याचं दुकान होतं. तिथं गवत पसरलेलं होतं, हिरवंगार, एकसारखं कापलेलं. पाण्याचं नाव नाही आणि तरी ताजं. लिंबाजीनं असं देखणं गवत जन्मात पाहिलं नव्हतं. मांडववाला म्हणाला, हे कधी वाळत नाही. लिंबाजीनं सगळी गुंडाळी खांद्यावर घेतली.

शेवंतीनं त्या प्लास्टिकच्या चटईचा एक कोपरा चावला. मग मान वर करून लिंबाजीकडे पाहिलं. ती रात्रभर उपाशी राहिली. लिंबाजीही तिच्याबरोबर जेवला नाही.

सकाळी अनुसया म्हणाली, "घोडीच्या बाबतीत तुम्ही डोकं चालवू नका. तिला विचारा. तिनं कान हलवले तर हो, नाही हलवले तर नाही. आणि ऐका, इसार हातात पडल्याशिवाय घोडी कुणाला नेऊ द्यायची नाही."

"बरं," लिंबाजी म्हणाला.

सराफांचं लग्न चार दिवसांवर आलं. अनुसया त्यांच्याकडे वेळ विचारायला गेली होती. दारात एक बारीक मिशीचा माणूस आला. वरात आहे, घोडी पाहिजे, मी स्वतःच घेऊन जातो, म्हणाला. लिंबाजीनं इसार मागितला. माणसानं खिशात हात घालून एक नोट दिली. तरी लिंबाजीनं घाई केली नाही. तो गोठ्यात गेला आणि शेवंतीला विचारलं, जातेस का. शेवंतीच्या कानावर माशी बसली. कान हलला. लिंबाजीनं दोरी सोडून त्या माणसाच्या हातात दिली.

अनुसया परत आली तेव्हा गोठा मोकळा होता. वरात कुणाची, गाव कोणतं, माणसाचं नाव काय, हे लिंबाजीला सांगता येईना. ते विचार म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस गेले, घोडी आली नाही.

अनुसया रडली नाही. तिनं हातातल्या पाटल्या गहाण टाकल्या. तिला ठाऊक होतं, चोरीची घोडी घोडेबाजारात जाणार आणि बाजार उद्याच भरणार. इकडे सराफांना थोपवून धरायला तिला गावातच थांबणं भाग होतं. तिनं पैसे लिंबाजीच्या हाती दिले आणि एकेक शब्द तोडून सांगितलं. चोर दिसला तर ओरडायचं, लोक गोळा करायचे. घोडी एखाद्या भल्या माणसानं विकत घेतली असेल तर त्याचे पैसे देऊन सोडवायची. आणि शेवटी म्हणाली, "घोडी घेतल्याशिवाय परत येऊ नका."

"बरं," लिंबाजी म्हणाला.

घोडेबाजार मोठा होता. लिंबाजी सकाळपासून पांढऱ्या घोड्या पाहत हिंडला. एकही शेवंती नव्हती. चोरही कुठं दिसेना. दुपारी तो एका तपकिरी घोडीजवळून जात होता. घोडीनं मान लांब करून त्याच्या खांद्याला नाक लावलं आणि दोन्ही कान हलवले.

लिंबाजी थांबला. शेवंतीच्या डाव्या डोळ्याखाली जुन्या जखमेचा व्रण होता, तोच हिलाही होता. त्यानं हळूच "शेवंते" म्हटलं, तेव्हा ती फुरफुरली. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं घोडीवाल्याकडे पाहिलं. बारीक मिशी. इसार देणारा माणूस तोच. त्याचे हात कोपरापर्यंत तपकिरी होते.

हा चोर नाही, हे लिंबाजीला लगेच कळलं. चोर कधी पैसे देत नाही आणि ह्यानं तर रोख दिले होते. त्यामुळे तो ओरडला नाही.

माणूस पळायच्या बेतात होता. लिंबाजीनं त्याला अदबीनं विचारलं, "जास्त पळते का?"

माणूस उचललेला पाय खाली ठेवून म्हणाला, "कोण?"

"घोडी. पूर्वीपेक्षा."

"नाही," माणूस म्हणाला. "तेवढीच पळते."

"म्हणजे फक्त तपकिरी दिसते."

"हो."

"किती द्यायचे?"

माणसानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि एक आकडा सांगितला. लिंबाजीनं पाटल्यांचे पैसे मोजून दिले. नियमाला तो पक्का होता. वर त्यानं विचारलं, आणखी कुठला रंग आहे का.

संध्याकाळी अनुसया चुलीपुढे बसली होती. वरात दुसऱ्या दिवशी सकाळी होती. दार वाजलं आणि लिंबाजी आत आला. तोंड हसरं.

"मिळाली?"

"मिळाली."

अनुसयेनं डोळे मिटून भिंतीला पाठ टेकली. बऱ्याच दिवसांनी तिला नवरा बरा वाटला. तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"चोर सापडला का?"

"चोर नव्हताच. सगळा बाजार शोधला."

"मग पैसे परत आणलेत ना?"

"पैसे दिले."

"कशाचे?"

"रंगाचे. शेवंती आता तपकिरी आहे."

अनुसयेनं डोळे उघडले. "रंगवलेली घोडी तुम्ही विकत घेतलीत? आपली घोडी तुम्हाला ओळखू आली नाही?"

लिंबाजीला हे लागलं. "ओळखली म्हणूनच घेतली," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या घोडीच्या रंगाला मी पैसे कशाला देईन?"

अनुसया उठली. कोपऱ्यातली बादली घेतली, साबण घेतला. घोडी घरी आली होती, तेवढं पुरे होतं. आत्ताच घासली तर सकाळपर्यंत पांढरी होईल. पाटल्यांचं पुढं पाहता येईल.

"कुठं बांधलीत?"

"बांधली नाही. त्याला उतरायचं नव्हतं."

"कुणाला?"

"रंगवाल्याला. काळा रंगही आहे म्हणाला, पण वाळायला वेळ लागतो, घरी येऊनच लावावा लागेल. मग त्याला घेऊनच आलो. पाहुण्याला एवढं लांब चालवायचं कसं? घोडीवर बसवून आणला. मी पुढं लगाम धरून चालत होतो. वाटेत लोक नवरदेव समजून बाजूला होत होते."

अनुसयेच्या हातातली बादली खाली गेली. "आणि आता लगाम कुणाच्या हातात आहे?"

"त्याच्याच. मी तुला सांगायला आत आलो ना."

ती तशीच अंगणात धावली. अंगण रिकामं होतं. वेशीकडच्या रस्त्यावर, नजर पोचेल तिथं, धुळीचा एक लोट होता आणि तोही भराभर लहान होत होता.

लिंबाजी मागून येऊन तिच्याशेजारी उभा राहिला. त्यानं डोळ्यांवर हात धरून त्या लोटाकडे नीट पाहिलं. शेवंती त्याच्या हातात कधी अशी धावली नव्हती.

"बघ," तो म्हणाला. "आणि तुझा भाऊ सांगत होता, रंगानं पळणं वाढत नाही."