गिअरबॉक्समधले पन्नास घोडे

“मग तीनशे आहेत की नाहीत, उस्ताद? तेवढं सांगा आणि सही करा.”

समरजितनं कागद पुढं धरला. दस्तगीर उस्ताद चहात बिस्कीट बुडवत होते. ते मोडलं, तळाला गेलं. उस्तादांनी आधी चमच्यानं त्याचा निकाल लावला. म्हाताऱ्यांना घाई नसते. समोर घाईतलं पोरगं उभं असलं, तर मुळीच नसते.

शिरोलीच्या त्या शेडमध्ये डायनो होता. गाडीची चाकं रोलरवर पळवायची. गाडी जागची हलत नाही, पण चाकांपर्यंत किती हॉर्सपॉवर पोचली ते छापून येतं. समरजितची काळी ऑटोमॅटिक गाडी नुकतीच तिसऱ्यांदा पळून थांबली होती.

इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून तो इथं आला, त्याला दोन वर्षं झाली. या गाडीचा मोठा टर्बो त्यानं एकट्यानं बसवला होता. त्याचे बाबा कॉलेजात हाच विषय शिकवायचे आणि आयुष्यात त्यांनी एक स्पार्क प्लग काढला नव्हता. तरी जेवताना रोज ऐकवायचे, “हातात कागद नाही, त्याला कोण विचारतं?”

आता कागद होता. फक्त उस्तादांची सही हवी होती.

उस्तादांनी चष्मा चढवला. “इथं अडीचशे छापलंय.”

“ते चाकावरचे. वाटेत गिअरबॉक्स खातो की! ऑटोमॅटिकला वीस टक्के वर धरायचे. पन्नास. म्हणजे इंजिनचे तीनशे. खाली पेनानं लिहिलंय बघा.”

“कोण धरतं वीस टक्के?”

“सगळेच.”

“हं... टर्बोच्या आधी चाकावर किती होते?”

“दीडशे.”

“तेव्हा गिअरबॉक्स किती खायचा?”

“तीस.”

“गिअरबॉक्स बदललास?”

“नाही. तोच आहे.”

“मग भूक कुणाची वाढली रे?”

समरजितचे कान तापले. “ताकद वाढली की तोटाही वाढतो, उस्ताद. थोडा तरी.”

“थोडा म्हणजे किती?”

समरजित कागदावरचा आकडा पुन्हा बघू लागला.

“ये इकडं. गाडीखालच्या खड्ड्यात उतर. गिअरबॉक्स खातो ते तापून निघतं; त्याच्या तळाला हात लाव.”

तो उतरला. हात वर केला, टेकवला आणि चटका बसल्यासारखा नव्हे, चटका बसूनच मागं घेतला. बोटं तोंडात घालून तो खाली बसला.

वरून उस्तादांचं डोकं डोकावलं. “सापडले तुझे घोडे?”

“भाजलं!”

“मग मोज की. पन्नास आहेत का बघ.”

समरजित तडक वर आला. भिंतीवर फ्रेममध्ये उस्तादांच्या जुन्या गाडीचा असाच एक पिवळा कागद होता. दोन वर्षं तो त्याची धूळ पुसत आला होता. त्यानं लाल झालेलं बोट तिकडं रोखलं.

“आणि तुमचा? एकशे ऐंशी, इंजिनचे! तेव्हा तुम्ही इंजिन खाली उतरवून मोजलं होतं? तुम्हीपण गुणाकारच केलात ना? आम्हाला शिकवायचं, आणि स्वतःचं काचेत लावायचं.”

उस्ताद रागावले नाहीत. स्टुलावर चढले, फ्रेम काढली, बनियनला पुसली.

“गुणाकारच केला होता,” ते म्हणाले.

समरजितला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं... वाटलं नाही.

“कशाला केलात?”

“अब्बांना दाखवायला.”

“मग?”

“वाचला त्यांनी. शाब्बास म्हणाले.” उस्तादांनी फ्रेम पालथी करून टेबलावर ठेवली. “गाडीत कधी बसले नाहीत.”

त्यांनी समरजितचा कागद ओढला. पेनानं लिहिलेल्या तीनशेवर आडवी रेघ मारली आणि छापलेल्या अडीचशेखाली सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

“अडीचशेला बाबा हसतील, उस्ताद.”

उस्तादांनी कागद घडी करून स्वतःच्याच खिशात घातला आणि गाडीची किल्ली त्याच्या भाजल्या हातात ठेवली.

“त्यांना शेजारी बसव. उतरल्यावर कागद मागितला, तर परत ये.”