सुईचं माहेर

फार वर्षांमागे डोंगरातल्या हौसाक्काला सपाट मुलखात दिलं होतं. तिथे साधी टेकडीसुद्धा दिसत नसे. म्हणून मॅटीच्या कापडावर रंगीत दोऱ्यांनी, एकेक फुली घालत, ती माहेरचा डोंगर भरू लागली.

कडे झाले, झाडी झाली, तशी सुई कात्रीला म्हणाली, "माझं लोखंडही डोंगराच्या पोटातलंच गं. मला इथेच राहायचंय."

"काहीतरीच! चित्रात राहतो तो दोरा. सुईने काम झालं की मुकाट डबीत यायचं," कात्री फटकन बोलली.

शेवटी फक्त घर भरायचं उरलं. पण ते नेमकं कुठल्या वळणावर होतं, तेच हौसाक्काला आठवेना. तिने सुई उतारावर तशीच टोचून ठेवली आणि कापडाची घडी करून पेटीत टाकली.

पावसाळा सरल्यावर तिने घडी उलगडली. गंजलेली सुई ओढताच मोडली आणि तिचं टोक कापडातच राहिलं. भोवती तांबडा डाग पडला होता.

"नासवलंस ना सगळं!" कात्री करवादली.

हौसाक्का डाग धुवायला उठली आणि थबकली. रंग थेट कौलांचा होता. डागावर बोट ठेवून ती म्हणाली, "अगं बाई, इथेच तर होतं!"