उरली आणि राहिली

यंत्रांना वाचा होती त्या काळी रंगनाथाने आपली जुनी जीप अंगणातच खोलून दुरुस्त केली आणि पुढे नवा बंपर बसवला. सारे जोडून झाले, तरी सतरंजीवर बोटभर लांबीची एक खीळ दिसत होती. उद्या त्याची लेक याच जीपने घाट उतरणार होती.

"एक खीळ उरली वाटतं," तो म्हणाला.

"गंजलेलीच आहे, फेका," बंपर हसला. "माझ्यापुढे तिला कोण विचारतो?"

जुने चाक हळूच म्हणाले, "मालक, जास्तीची असते ती उरते. माझा नट धरून ठेवणारी ही खीळ उरलेली नाही. बसवायची राहिली आहे."

रंगनाथाने ते दोन्ही शब्द मनाशी उच्चारून पाहिले. मग त्याने चाक पुन्हा उतरवले.