हॅझलफर्डच्या बाईसाहेबांची झोप

विलायतेत रस्ते चिखलाचे होते आणि औषध म्हणजे झाडपाला होता, त्या काळची ही हकिगत. तिथे टेकड्यांच्या कुशीत हॅझलफर्ड नावाचं गाव होतं, आणि गावच्या गढीत लेडी उर्सुला राहायच्या. नवरा लढाईत गेला, मूलबाळ नाही. आईनं शिकवलेली औषधं त्या वाटायच्या. गाव त्यांना बाईसाहेब म्हणायचं.

एका उन्हाळ्यात गावात तापाची साथ आली. दारामागून दार बंद होऊ लागलं. बाईसाहेबांचा धाकटा भाऊ जाइल्स घोडागाडी घेऊन वेशीपर्यंत आला आणि तिथूनच ओरडला, "ताई, चल! सामान राहू दे, तू तेवढी ये."

खरं सांगायचं तर बाईसाहेबांचा पाय उचलला होता. तेव्हाच त्या दमल्या होत्या. पण त्या थांबल्या.

"तुझ्या घरी लेकरं आहेत, जाइल्स. माझ्याबरोबर ताप आला तर?"

"आणि तुझं काय?"

"बघू," त्या म्हणाल्या आणि मागे वळल्या.

त्या दिवसापासून चाळीस दिवस बाईसाहेब खाली बसल्या नाहीत, असं म्हणतात. उभ्यानं काढा ढवळायच्या, उभ्यानं पाव खायच्या. चालता चालता डोळा लागायचा, तरी पाय बरोबर आजाऱ्याच्या दारी जाऊन थांबायचे. त्यांच्या टाचांनी गल्लीतले दगड झिजले, असं म्हणतात.

एकेचाळिसाव्या दिवशी भरदुपारी त्या सुताराच्या लेकीला औषध पाजायला गेल्या. बाटली पोरीच्या ओठाला लावणार, एवढ्यात गावची धोबीण, म्हातारी टॅम्सिन, हिनं त्यांचं मनगट धरलं.

"बाईसाहेब, याचा वास बघा. हे गुडघ्याला चोळायचं आहे. पोटात गेलं तर पोर जाईल."

बाईसाहेबांनी वास घेतला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या दिवसांत न काढलेला शब्द त्यांच्या तोंडून निघाला.

"दमले गं, टॅम्सिन."

"मग निजा."

"मी निजले तर यांचं कोण बघेल?"

"आम्ही काय मेलोय?" टॅम्सिन म्हणाली. तिनं त्यांना तिथल्याच बाकावर आडवं केलं आणि अंगावर धुतलेली चादर घातली.

मग ती दारोदार फिरली. जे तापातून उठले होते, त्यांना तिनं कामाला लावलं. कुणी पाणी भरलं, कुणी काढा उकळला. देवळाच्या घंटेला लोकर गुंडाळली, गिरणीचं चाक थांबवलं. कोंबडे आरवले नाहीत, नदीसुद्धा पायांचा आवाज न करता गेली, असं म्हणतात. बाईसाहेब सात दिवस झोपल्या.

आठव्या दिवशी जाग आली तेव्हा कानावर काहीच येईना. घंटा नाही, गिरणी नाही, माणसाचा शब्द नाही. सगळं गाव गेलं, आपण झोपलो आणि गेलं, असं वाटून त्या अनवाणी बाहेर धावल्या.

बाहेर सगळं गाव कामात होतं आणि जो तो ओठांवर बोट ठेवून होता. सुताराची लेक उन्हात बसून शेंगा सोलत होती. बाईसाहेब तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि पोटभर रडल्या.

त्यानंतर साथ ओसरली. बाईसाहेब पुढे तीस वर्षं जगल्या. आता त्या गावच्या मातीत आहेत.

पण दरवर्षी उन्हाळ्यात, बाईसाहेब निजल्या त्या दिवशी, हॅझलफर्डमध्ये घंटेला लोकर गुंडाळतात. आदल्या आठवड्यात गाव जमतं आणि यंदा सगळ्यांत जास्त कोण दमलंय ते ठरवतं. कधी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणारी सून असते, कधी जुळ्यांचा बाप. त्या माणसाला चौकातल्या बाकावर निजवतात, धुतलेली चादर घालतात आणि त्याचं सगळं काम गाव करतं. नाव पुकारलं की तो माणूस दरवर्षी एकच म्हणतो, "छे, मी कुठे? दुसऱ्या कुणाला तरी द्या." आणि डोकं टेकायच्या आत घोरायला लागतो.